जुन्या घरातल्या वस्तूंचा ऑनलाइन लिलाव : कशाचा करावा, कशाचा करू नये

प्रश्न असा आहे : सदाशिव पेठेतली आई-वडिलांची इमारत पुनर्विकासाला जातेय आणि दोन महिन्यांत घर रिकामं करून किल्ली द्यायची आहे. घरात सागवानी झोपाळा, तांब्याचा बंब, पितळी भांडी, मर्फीचा रेडिओ, वडिलांचं एचएमटी घड्याळ, रेकॉर्ड्स, नाण्यांचा डबा, आईच्या पैठण्या आणि चार कपाटं भरून पुस्तकं आहेत. भावंडं तिघं, त्यातली एक बहीण न्यू जर्सीत. हे सगळं ऑनलाइन लिलावात काढावं का, कुठे काढावं, आणि फसवणूक कशी टाळावी?

लिलाव करा, पण मोजक्याच वस्तूंचा. तुमच्या यादीतल्या फार तर पाच-सात वस्तू लिलावाच्या लायकीच्या असतील. बाकीच्या ठरावीक किमतीला विका, नाहीतर देऊन टाका. लोकांची जुनी घरं रिकामी करून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. घरमालकाचं सगळ्यात जास्त नुकसान कशात होत असेल, तर चुकीची वस्तू बोलीवर ठेवण्यात.

त्यामागचं गणित साधं आहे. समजा, तुमच्या बंबासाठी एक माणूस मनातून सहा हजार द्यायला तयार आहे. त्याच्या खालोखाल जो आहे, तो अडीच हजारांच्या पुढे जाणार नाही. लिलावात बंब अडीच हजारांच्या थोडा वर गेला की दुसरा थांबतो आणि पहिला त्याच भावात तो घेऊन जातो. त्याच्या मनातले साडेतीन हजार मनातच राहतात. म्हणजे किंमत सगळ्यात उत्सुक गिऱ्हाईक ठरवत नाही, दुसऱ्या नंबरचं गिऱ्हाईक ठरवतं. ज्या वस्तूला दुसरं तितकंच उत्सुक गिऱ्हाईक मिळण्याची खात्री नाही, ती बोलीवर ठेवायची नाही. बंबाला सहा हजार किंमत लावून शांतपणे वाट बघायची. पुढे जे काही सांगतोय, फोटो कसे काढायचे, कुठल्या गटात टाकायचं, बोली कधी संपवायची, ते सगळं त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला शोधण्यासाठीच आहे.

पण लिलावाआधी दोन कामं उरकून घ्या. पहिलं काम घरातल्यांचं. वस्तू बाहेर दाखवायच्या आधी भावंडांची फेरी झालीच पाहिजे, नाहीतर झोपाळा विकला गेल्यावर ‘मला हवा होता’ असा फोन येतो आणि तो विषय वर्षानुवर्षं निघत राहतो. मी सुचवतो ती पद्धत अशी. सगळ्या वस्तूंना नंबर द्या, फोटो काढा आणि यादी तिघांना पाठवा. प्रत्येकाला शंभर गुण. ज्याला जे हवं, त्यावर त्याने गुण लावायचे, एकमेकांना न दाखवता. मग व्हिडिओ कॉलवर तिघांचे कागद एकदम उघडायचे. ज्याचे गुण जास्त, त्याची वस्तू. ज्यावर कोणीच गुण लावले नाहीत, ती विक्रीला. झोपाळ्यासारखी मोठी वस्तू एकाला गेली की त्याचे गुण संपतात आणि बाकीच्यांना इतर गोष्टी मिळतात, त्यामुळे वाद बराच कमी होतो. न्यू जर्सीतल्या ताईंची सोयीची वेळ म्हणजे इथली संध्याकाळ, तिथली सकाळ.

दुसरं काम म्हणजे विकताच येत नाहीत अशा वस्तू आधी बाजूला काढणं. जुन्या मराठी घरात हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे सोन्यात मढवलेलं वाघनखाचं लॉकेट. भिंतीवर सांबराची शिंगं असतात, कपाटात हस्तिदंती डबी किंवा फणी असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली यांची विक्री गुन्हा आहे. फोटो टाकून ‘किंमत सांगा’ विचारणंसुद्धा अंगाशी येतं, कारण वन विभागाचं अशा जाहिरातींवर लक्ष असतं. तलवार निघाली तर शस्त्र कायदा आडवा येतो. आणि मूर्ती, चित्र किंवा शिल्प शंभर वर्षांपेक्षा जुनं असेल, तर १९७२ चाच पुरावस्तू कायदा लागू होतो. त्यातल्या ठरावीक प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते, मालकी बदलली तर कळवावं लागतं, आणि अशा वस्तू विकण्याचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेल्या हस्तलिखितांना हीच मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे.

पोथ्या आणि मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, याबद्दल जरा आग्रहाने सांगतो. ते बोलीवर ठेवू नका. विकत घेणारा त्यातली चार चांगली पानं चौकटीत लावायला काढतो आणि बाकीचं दप्तर विखुरतं. तुमच्याच पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० साली सुरू केलेलं. तिथे दाखवा. एखाद्या गावच्या वतनाचा कागद तुमच्या दृष्टीने जुना कागद असेल, पण अभ्यासकाला तो अख्ख्या दप्तरासकटच उपयोगी पडतो.

कपाटं रिकामी करताना प्रत्येक पुस्तक पानं फडफडवून बघा, प्रत्येक साडीची घडी उघडा, पिठाच्या डब्याचा तळ बघा. जुन्या पिढीने पैसे आणि दागिने जिथे ठेवले, तिथे आपण ठेवत नाही. नोटाबंदीतल्या जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा सापडल्या, तर त्या दहापेक्षा जास्त जवळ ठेवायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, हेही लक्षात असू द्या.

आता कुठे विकायचं. ‘लिलावाच्या साइटवर टाकू’ म्हणणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा अजून ईबे असतं. ईबेने २००४ मध्ये बाझी डॉट कॉम विकत घेऊन भारतात बस्तान बसवलं, २०१७ मध्ये भारतातला धंदा फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ती साइट बंद झाली. त्यानंतर सगळ्या प्रकारच्या घरगुती वस्तूंची बोली लागेल असं तेवढं मोठं ठिकाण आपल्याकडे उरलं नाही. आज खरी बोली लागते ती संग्राहकांच्या फेसबुक आणि व्हॉट्सअॅप गटांत : नाणीवाल्यांचे गट, घड्याळवाल्यांचे, रेकॉर्डवाल्यांचे, जुन्या पेन आणि कॅमेऱ्यांचे. फारच मोलाची वस्तू असेल तर मुंबईची टोडीवाला किंवा सॅफरनआर्टसारखी लिलावगृहं आहेत. त्यांचं स्वतःचं ऑनलाइन व्यासपीठ असतं, पण ती वस्तू निवडून घेतात, कमिशन कापतात आणि पैसे हातात यायला वेळ लागतो. दोन महिन्यांच्या मुदतीत ते बसेलच असं नाही. ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर लिलाव होत नाही, तिथे किंमत लावायची आणि घासाघीस करायची. फ्रिज, कपाट, पलंग, मिक्सर यांची जागा तीच.

तुमच्या यादीत बोलीला सगळ्यात योग्य वस्तू घड्याळ आहे. एचएमटीने १९६१ मध्ये सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये सरकारने तिची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. त्यामुळे जुनी आता आहेत तेवढीच, आणि मागणारे देशभर पसरलेले. पण याच कारणाने बाजारात नवीन रंगवलेल्या डायलची घड्याळं भरपूर आली आहेत. भडक रंग, जाड छपाई, वाकडी अक्षरं. जाणकार त्यांना हातही लावत नाहीत. म्हणून तुमचं घड्याळ मूळ स्थितीत असेल, तर तीच त्याची किंमत आहे. दुकानात देऊन डायल रंगवून घेऊ नका, पॉलिश करू नका. लोकांना वाटतं की चकचकीत केलं की भाव येईल. संग्राहक नेमका उलट विचार करतो.

माहिती कशी लिहायची, त्याचा नमुनाच देतो : ‘एचएमटी जनता, हाताने चावी द्यायची, डायलवर देवनागरीत जनता. मूळ डायल, चार आणि पाचच्या मध्ये पिवळसर डाग, फोटो तीन पाहावा. काचेवर चरे. मागच्या झाकणावर वडिलांच्या नावाची आद्याक्षरं कोरलेली. चावी दिल्यावर चालतं, दिवसाला किती मागे-पुढे होतं ते तपासलेलं नाही. पट्टा मूळचा नाही. एकाच मालकाचं, खरेदीची पावती नाही.’ बस. यात ‘दुर्मिळ’ नाही, ‘अप्रतिम’ नाही. दोष आपणच आधी सांगितला की दूरचा माणूस निर्धास्तपणे बोली लावतो. दोष लपवला, तर ज्याला वस्तू कळते तो गप्प बसतो. आपल्याला हवा असलेला दुसरा बोलीवाला बहुतेक वेळा तोच असतो. फोटो दिवसा, खिडकीपाशी, फ्लॅश न लावता. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, चावीचा जवळून, आणि घड्याळजीकडून झाकण उघडून घेता आलं तर आतल्या यंत्राचा एक.

हाच नियम पितळ-तांब्याला. पितांबरीने घासून लख्ख केलेला जुना लामणदिवा मोडीच्या भावाच्या जवळ येतो, कारण त्यावरची जुनेपणाची छटा निघून जाते. धूळ झटका, ओल्या फडक्याने पुसा, एवढंच. प्रत्येक भांड्याचं वजन करून लिहा, सामान तोलायचा हुकवाला काटा पुरतो. त्या दिवशीचा मोडीचा भाव विचारून घ्या आणि त्याच्या खाली काहीही देऊ नका. साधी पातेली, परात, डबे यांना मोडीपेक्षा फार वर भाव येत नाही, त्यासाठी बोलीचा खटाटोप नको. घंगाळ, बंब, पितळी सोऱ्या, अडकित्ता, नक्षीचा पानाचा डबा या वस्तू मात्र घर सजवणारे लोक शोधत असतात. बंबाचा नळ किंवा तळ गळत असेल तर तसं लिहा. कसबा पेठेतल्या तांबट आळीत दुरुस्ती होते, ते घेणाऱ्याला माहीत असतं.

नाण्यांच्या डब्याबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहेत. देवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं लाखो रुपयांना जातं, ७८६ नंबरच्या नोटेला एवढे मिळतात, असे व्हिडिओ फिरत असतात. त्यामागे टोळ्या आहेत. त्या ‘नोंदणी शुल्क’, ‘कर’ म्हणून तुमच्याकडूनच पैसे काढतात, तेही रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती नाही, आणि असं शुल्क कोणाकडूनही घेत नाही. तुमच्या डब्यात खरं मोल बहुधा राणीछाप आणि राजाछाप चांदीच्या रुपयांचं असेल. सुमारे ११.६६ ग्रॅम वजन, आणि १९३९ पर्यंतच्या रुपयात जवळपास ९२ टक्के चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. तेव्हा आधी साल बघून गट पाडा. सोनाराकडे सगळे एकदम वजनावर टाकण्याआधी एखाद्या नाणे संग्राहकाला दाखवा. १९३९ चा रुपया दुर्मिळ आहे, म्हणून त्याचे बनावट रुपयेही भरपूर, खात्री झाल्याशिवाय ‘दुर्मिळ’ हा शब्द जाहिरातीत लिहू नका. आणि नाणी चिंच, लिंबू, टूथपेस्ट कशानेही घासू नका.

पैठण्यांकडे दारावर येणारे जुनी जर घेणारे फक्त वजन म्हणून बघतात. साडी जाळून चांदी काढायची, एवढाच त्यांचा हिशोब. हातमागाच्या जुन्या पैठणीला त्या भावात देणं मला बघवत नाही. पदर उलटा करून बघा : हातविणीच्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. अशी साडी वस्त्रप्रेमींच्या गटात बोलीवर ठेवा. घडीच्या रेषेवर रेशीम विरलेलं असतं, तिथे बोट न लावता उजेडासमोर धरून फोटो काढा आणि तो फोटो आधी टाका. नेसण्याजोगी नसली तरी काठ-पदरासाठी घेणारे असतात, आणि ते वजनापेक्षा बरा भाव देतात.

मर्फीचा रेडिओ सॉकेटमध्ये लावून बघायचा मोह टाळा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या व्हॉल्व्हच्या सेटमधले कपॅसिटर निकामी झालेले असतात, एकदम वीज दिली की आतलं ट्रान्सफॉर्मरसुद्धा जळतं. ‘चालवून पाहिलेला नाही’ असं लिहून विकलेला सेट, चालवताना जळलेल्या सेटपेक्षा केव्हाही जास्त किमतीचा. रेकॉर्ड्समध्ये ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्या वेगळ्या काढा, त्या काचेसारख्या फुटतात. त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. लेबलवरचा नंबर वाचता येईल असा फोटो हवा, संग्राहक त्यावरूनच ओळखतात. हिंदी सिनेमाची लोकप्रिय गाणी घरोघरी होती, त्यामुळे बोली फारशी चढत नाही. नाट्यसंगीत आणि जुनं शास्त्रीय गायन असेल, तर सगळा गठ्ठा एकदम न विकता सुटं सुटं ठेवा.

पुस्तकांसाठी लिलाव जवळजवळ निरुपयोगी आहे. पहिल्या आवृत्त्या, मूळ मुखपृष्ठासह असलेले जुने दिवाळी अंक, सह्या केलेल्या प्रती एवढं बाजूला काढा, उरलेलं ग्रंथालयाला विचारा. न विचारता नेऊन टाकू नका, त्यांच्याकडेही जागा नसते.

आता प्रत्यक्ष बोली. गटाचे नियम आधी वाचा आणि आठवडाभर इतरांच्या बोली नुसत्या बघा. सुरुवातीची किंमत इतकी ठेवा, की तेवढ्यावरच गेली तरी वाईट वाटणार नाही. ज्या वस्तूला मागणी नक्की आहे, उदाहरणार्थ घड्याळ, तिथे सुरुवात कमी ठेवली की पहिल्याच दिवशी चार-पाच जण आत येतात. एकदा बोली लावली की माणूस त्या वस्तूत गुंततो. ज्याची खात्री नाही, तिथे सुरुवातच किमान किमतीला. गुप्त राखीव किंमत ठेवून शेवटी ‘एवढ्यात नाही देत’ म्हणू नका, गटात पुन्हा कोणी तुमच्या बोलीकडे फिरकणार नाही. किती रुपयांनी वाढवायचं, पोस्टाचा खर्च कोणाचा आणि बोली कधी संपणार हे पहिल्याच ओळीत लिहा. संपण्याची वेळ रविवारी रात्री नऊच्या सुमारास ठेवा. शेवटच्या पाच मिनिटांत नवी बोली आली तर वेळ आणखी पाच मिनिटं वाढेल, असंही लिहा. म्हणजे कोणी शेवटच्या सेकंदाला झडप घालू शकत नाही आणि दुसऱ्या नंबरच्या माणसाला विचार करायला वाव राहतो. गणपती, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बोली लावू नका, लोकांचे हात कामात आणि पैसे खरेदीत अडकलेले असतात. आणि मेहुण्याला सांगून खोटी बोली वाढवू नका. ती उघडी पडतेच, आणि मुख्य म्हणजे ती समोरच्याची फसवणूक आहे.

पैसे पूर्ण जमा झाल्यावरच वस्तू पाठवायची. जमा झाले का, हे स्क्रीनशॉटवरून किंवा एसएमएसवरून ठरवू नका, बँकेचं अॅप उघडून बघा. सगळ्यात जुनी फसवणूक अजून जोरात आहे : समोरचा म्हणतो मी फौजेत आहे, बदली झालीय, माझा माणूस येऊन घेऊन जाईल. घासाघीस अजिबात करत नाही. ओळखपत्राचा फोटो पाठवतो, एक रुपया पाठवून विश्वास बसवतो, मग क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणतो. पैसे घेण्यासाठी स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. ‘चुकून जास्त पाठवले, परत करा’ हा त्याचाच भाऊ. काही झालंच, तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

वस्तू बांधताना एकसलग व्हिडिओ काढा, वस्तू दिसते आहे इथपासून पत्त्याची चिठ्ठी चिकटेपर्यंत. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा ‘रजिस्टर्डनेच पाठवा’ म्हणणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना तसं सांगा. झोपाळ्यासारखी वस्तू पाठवायच्या भानगडीत पडूच नका. ‘पुण्यातून स्वतः घेऊन जाणे’ असं लिहा. सोबत फळीची लांबी, रुंदी, जाडी, पितळी कड्यांची संख्या आणि वजन, दोन कड्यांमधलं अंतर, जिना आहे की लिफ्ट, आणि काढायला सुतार कोणी आणायचा हेही लिहा. फळी कापून बसवलेली आहे की अखंड, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. बघायला येणाऱ्याला एकट्या बाईमाणसाने घरात घेऊ नये, आणि घर लवकरच रिकामं होणार आहे हे जाहिरातीत लिहू नये. फोटोत मागे दारावरची पाटी, देवघरातली चांदी, औषधांची चिठ्ठी दिसत नाही ना, तेही बघा.

उरलंसुरलं शेवटच्या आठवड्यात. कपडे बोहारणीला, भंगार आणि बिघडलेली विजेची उपकरणं ‘स्वच्छ’च्या कचरावेचक भगिनींना बोलावून. बुधवारच्या आणि रविवारच्या जुन्या बाजारातले व्यापारी घरी येऊन उक्तं घेतात, पण त्यांना शेवटी बोलवा, आधी बोलावलं तर चांगल्या दोन वस्तूंसाठी ते सगळ्याचा एक भाव करतात.

कराबद्दल एक गोष्ट : वापरातलं फर्निचर, भांडी, कपडे विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही. दागिने, चित्रं, शिल्पं आणि पुरातन वस्तूंचे संग्रह यांना ही सवलत नाही. त्यातलं काही मोठ्या रकमेला गेलं, तर सीएला विचारा.

न्यू जर्सीच्या ताईंना आजीची समई किंवा एखादी मूर्ती तिकडे न्यायची असेल, तर शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, जुनी नाणीसुद्धा नाहीत. वस्तू तेवढी जुनी नसूनही तशी दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, नाहीतर विमानतळावर कस्टम्स अडवतं. त्याला वेळ लागतो, वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते. त्यामुळे गुणांची फेरी संपली की सगळ्यात आधी हा अर्ज करा, घड्याळाची बोली त्यानंतरच्या रविवारी.